चौदा वेळा नाही

१

झुंबरबाई रविवारी दुपारी गेली. खंडाळ्याच्या ज्या बंगल्यात ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती, तिथेच ओट्याशेजारी, स्टुलावर बसल्या बसल्या. पाहुण्यांना वाढून झालं होतं. तिच्या ताटलीत मऊ भात होता आणि त्यातलाच घास श्वासनलिकेत अडकला होता. व्हरांड्यात हसणं-खिदळणं चाललं होतं, पापड अजून का येत नाहीत म्हणून कोंडाजी वॉचमनला आत पाठवलं, तेव्हा त्याला ती दिसली. पापड तळून तयार होते म्हणे.

घास अडकून माणूस मरतं, त्यात पोलिसांनी काय बघायचं? पण तिच्या मुलाने, जानूने, हवालदाराला सांगितलं की आठच दिवसांपूर्वी, आदल्या शनिवारी, लोणावळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात आईच्या जबड्यात दोन्ही बाजूंनी सुया टोचल्या होत्या. गुरुवारपासून तिला धड गिळता येत नव्हतं, आवाज नाकातून येत होता. 'हुईल बरं' म्हणत ती कामावर जात राहिली.

मी उम्मेहानी मुलाणी. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होते, आता कान्ह्याला स्टेशनजवळ राहते. गावात मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. त्या बुधवारी सकाळी माझ्या दारात सारिका उभी होती. एकोणिसाव्या वर्षी ती माझ्या वॉर्डात शिकायला आली होती. रक्तदाब कसा बघायचा, सुई कशी भरायची, सगळं माझ्याच हाताखाली शिकली. नवऱ्याने सोडल्यावर घोरावाडीला खोली घेऊन मुलीला एकटीने वाढवते आणि डॉक्टर ओंकारच्या त्या दवाखान्यात असिस्टंट आहे.

"सिस्टर, डॉक्टरांनी माझं नाव घेतलंय," ती म्हणाली. "म्हणतात, सारिकाने औषध जास्त कडक मिसळलं. परवा जबाब आहे. मला आत घेतलं तर माझ्या पोरीचं काय?"

औषध म्हणजे बोट्युलिनम. नासलेल्या डबाबंद अन्नात जे विष तयार होतं, त्याचाच अगदी कणभर अंश. तो स्नायूला झोपवतो. कपाळात टोचला तर आठ्या जातात, जबड्यात टोचला तर झोपेत दात खाणाऱ्यांचा जबडा सैल पडतो. बाटलीत पावडर येते, त्यात मोजून सलाईन घालावं लागतं. ते काम सारिकाचं.

"माझ्या पोरीची शपथ, मिसळण्यात माझी चूक नाही."

शपथ ऐकून मी कधी कुणावर विश्वास ठेवला नाही. पण ह्या पोरीवर ठेवला. मी चप्पल घातली.

२

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर डॉक्टर ओंकारचा दवाखाना आहे. दारातच पाटी: 'वीकेंड स्माइल. कपाळ करा, जबडा मोफत.' एक बाटली फोडली की तिच्यातलं औषध फार टिकत नाही, उरलं तर फेकायचं. फेकण्यापेक्षा फुकट द्यावं, नावही होतं. मुंबईच्या बायका आपलं कपाळ करून घेतात आणि मोफतचा जबडा बरोबरच्या मोलकरणीला नाहीतर ड्रायव्हरला देतात. उरलेली भाजी देतात तसंच.

डॉक्टर चाळिशीचा, गोरागोमटा. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सिस्टर, मी सुई बरोबर जागी टोचली. डोसही बरोबर घेतला. आता बाटलीतच घोळ असेल तर मी काय करणार? ते सारिका बघते."

"त्या दिवशी एका बाटलीतून किती जणांना दिलंत?"

"चार. मानसीमॅडम, त्यांची मैत्रीण, वॉचमन आणि ती बाई."

"झुंबरबाई."

"हो, त्याच."

मी केसपेपर मागितले. त्याने फाइल पुढे सरकवली. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म, चौदा प्रश्नांचा. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, स्नायूंचा किंवा नसांचा आजार आहे का, असे प्रश्न. पुढे हो-नाहीच्या चौकटी, खाली सही किंवा अंगठा. फाइलमध्ये फॉर्म तीनच होते.

"झुंबरबाईचा?"

"सापडत नाही," डॉक्टर चिडून म्हणाला. "सारिकाला विचारलं तर म्हणते, इथेच असेल. तो एक कागद असता ना सिस्टर, तर मी आज निवांत झोपलो असतो. आजार नाही असं पेशंटने सांगितलेलं, खाली अंगठा. विषय संपला असता."

मी कोंडाजीचा फॉर्म वाचत होते. वय एकसष्ट, मिशीवाला वॉचमन. नवव्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं होतं की आपण गरोदर नाही. दहाव्याला, की आपण बाळाला अंगावर पाजत नाही. मला हसू आलं, आणि हसण्याच्या नादात मी पुढचा विचार केला नाही. वयाचा दोष म्हणा.

"बाटली कुठे आहे?" मी विचारलं.

"फेकली. दर सोमवारी कचरा जातो."

म्हणजे औषध कडक होतं की नव्हतं, ते सांगणारी बाटलीच उरली नव्हती. जबाब परवा होता.

३

बाटली गेली असली तरी तिच्यातलं औषध चार अंगांत गेलं होतं. त्यातली तीन अजून चालती-बोलती होती.

मी रिक्षाने खंडाळ्याला गेले. बंगल्याच्या मालकीण मानसीबाई तिथेच होत्या. पन्नाशीच्या, बोलायला गोड. कपाळ गुळगुळीत होतं, पण मी मुद्दाम विचित्र प्रश्न विचारला तेव्हा भुवया हव्या तेवढ्या वर गेल्या. पापण्या जागेवर, हसू सरळ. औषध दुप्पट कडक असतं तर ह्या बाईंची एखादी तरी पापणी लोंबली असती.

"मैत्रीण कशी आहे?"

"मस्त. कालच तिने फोटो पाठवले. सिस्टर, झुंबरमावशी आमच्या घरच्याच होत्या हो. झोपेत दात खायच्या, सकाळी जबडा दुखतो म्हणायच्या. म्हटलं फ्री मिळतंय, करून टाकू. मी चांगलंच करायला गेले ना?"

"सुई टोचताना तुम्ही खोलीत होतात?"

"नाही, मी बाहेर कॉफी घेत होते. अशा वेळी माणसाला प्रायव्हसी हवी."

बारा वर्षांत झुंबरबाईला ह्या घरात पहिल्यांदाच प्रायव्हसी मिळाली होती. मी तसं म्हणाले नाही.

"त्यांना काही आजार?"

"छे. फक्त दुपारनंतर झोपाळलेल्या असायच्या. डोळे अर्धे मिटलेले. आम्ही चेष्टेने म्हणायचो, मावशींची बॅटरी उतरली. त्याही हसायच्या."

हसेल नाहीतर काय करेल?

गेटपाशी कोंडाजी बसला होता. पानाची चंची मांडीवर होती. मी जबड्याची चौकशी केली.

"जबडा दुखायचा थांबला बगा," तो म्हणाला. "पन सुपारी फुटंना झालीया."

"भाकरी?"

"भाकर जाती की. कडक आसली तरी जाती. निसती सुपारी न्हाई फुटत. दवाखान्यातली ती पोरगी म्हनलीच हुती, म्हैना-दोन म्हैने आसं व्हईल म्हनून."

तिथेच मला उत्तर मिळालं. औषधाचं जितकं काम असायला हवं तितकंच झालं होतं. सुपारी फुटू नये पण भाकरी जावी, एवढाच तो डोस असतो. बाटलीत घोळ असता तर चौघांतही दिसला असता. तो दिसला एकटीत. म्हणजे औषध बरोबर होतं, सारिकाचा हात बरोबर होता.

मग ज्या औषधाने कोंडाजीची नुसती सुपारी अडली, त्याने झुंबरबाईचा जीव कसा घेतला?

४

"मला ती बसायची ती जागा दाखव," मी कोंडाजीला म्हणाले.

स्वयंपाकघर माझ्या घराएवढं होतं. ओट्याशी उंच स्टूल.

"ह्ये स्टूल तिनंच मागून घ्येतलं," कोंडाजी म्हणाला. "सकाळच्या पारी उभ्यानं धा मान्सांचा सैपाक करायची. दुपारच्याला बसून. सांच्याला लाटनं सुदिक उचलायची न्हाई, पोळ्या दुपारीच करून ठिवायची."

"जेवायची कधी?"

"सकाळीच भाकर खायाची. दुपारच्याला मऊ भात, रातच्याला पेज. म्हनायची, रातीला दात दमत्यात. आन पापनी आशी बोटानं वर धरून भाजी निवडायची, लय गंमत वाटायची."

मला गंमत वाटली नाही. सकाळी धडधाकट, दिवस चढेल तसं बळ उतरणारं, पापणी लोंबणारी आणि संध्याकाळी चावता न येणारी बाई. छत्तीस वर्षांत अशी मी दोनदा पाहिली आहे.

"कोंडाजी, ती गोळ्या घ्यायची का?"

"ग्यासच्या. जेवनाआदी घ्यायची. मसाल्याच्या डब्यामागं आसत्यात."

मी डबे सरकवले. गोल पत्र्याच्या डबीत गोळ्यांची अर्धी पट्टी होती. मागचं नाव मी दोनदा वाचलं: पायरिडोस्टिग्मिन. गॅसशी ह्या गोळीचा काडीचाही संबंध नाही. ही मायस्थेनियाची गोळी. त्या आजारात नसेचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही, आणि बोट्युलिनम नेमकी तीच वाट बंद करतं. आधीच अरुंद झालेली वाट. म्हणून ह्या आजाराच्या माणसाला ते इंजेक्शन द्यायचं नाही, हे औषधाच्या खोक्यातल्या कागदावर ठळक छापलेलं असतं. फॉर्ममधला स्नायूंच्या आजाराचा प्रश्न त्यासाठीच तर होता.

मानसीबाईंना आजार माहीत नव्हता. कळला असता तर बॅटरी उतरलेली बाई त्यांनी ठेवली नसती, म्हणून झुंबरबाईने गॅसचं नाव पुढे केलं. पोटासाठी लपवलेला आजार. त्यात मला नवल वाटलं नाही.

मी व्हरांड्यातूनच सारिकाला फोन लावला. "तुझं मिसळणं बरोबर होतं," मी म्हणाले. ती रडायला लागली. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. फोन ठेवला आणि रिक्षात बसले, तेव्हा कुठे तो दुसरा प्रश्न डोक्यात आला. तो फॉर्म कुणी नेला?

५

फॉर्म कुणाला नको होता? डॉक्टरला तर तो देवासारखा हवा होता, त्याने फ्रेम करून लावला असता. मानसीबाईंना त्याच्याशी घेणं ना देणं. जानूने दवाखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. ज्या कागदाने सगळे सुटतात तो कागद नाहीसा करायचा, म्हणजे त्या कागदाने अडकणारं कुणीतरी असणार.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा डॉक्टरपुढे बसले. आजाराचं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, हे मी विसरणार नाही.

"म्हणजे बाईने लपवलं! मग आपल्यापैकी कुणाचीच चूक नाही."

"मला एक कोरा फॉर्म द्या."

त्याने सारिकाच्या टेबलाचा खण ओढला आणि गठ्ठ्यातला वरचा फॉर्म मला दिला. नाव कोरं, तारीख कोरी, अंगठ्याची जागा कोरी. चौदाच्या चौदा चौकटींत मात्र 'नाही'वर खुणा झालेल्या होत्या. मी खालचा काढला, त्याच्या खालचा काढला. सगळे तसेच. त्या मिशीवाल्या कोंडाजीने गरोदर नसल्याचं का लिहून दिलं, ते आत्ता मला कळलं.

"वीकेंडला गर्दी असते," डॉक्टर सहज म्हणाला. "ती आधीच करून ठेवते. वेळ वाचतो."

"आणि तुम्ही? तुम्ही स्वतः पेशंटला काही विचारत नाही?"

"सिस्टर, मग फॉर्म कशासाठी असतो?"

ह्या माणसाला कोणी हात लावणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. फॉर्म त्याने भरला नव्हता, औषध त्याने मिसळलं नव्हतं. सुई तेवढी त्याची होती, आणि ती बरोबर जागी बसली होती.

दुपारी मी घोरावाडीला गेले. सारिकाने चहा टाकला होता. मी तिला झुंबरबाईच्या आजाराचं आणि गॅसच्या बहाण्याचं सांगितलं, आणि तो गठ्ठ्यातला फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने तो बघितला आणि गॅस बंद केला.

"सोमवारी सकाळी बातमी कळली," ती म्हणाली. "मी आधी जाऊन तिचा फॉर्म फाडला."

"आजार तुला माहीत होता?"

"नव्हता, सिस्टर. कुठून असणार? मी तिला काही विचारलंच नव्हतं. नाव विचारलं, अंगठा घेतला. पोलीस म्हणाले असते, दाखवा कसं विचारलंत, तर मी काय सांगणार होते?"

"असं काम करतात, सारिका?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीच शिकवलंत ना. नसबंदीच्या शिबिराला. दीडशे बायका रांगेत होत्या. तुम्ही म्हणालात, पोरी, खुणा आदल्या दिवशीच करून ठेव, सकाळी नुसते अंगठे घे, नाहीतर संध्याकाळपर्यंत उरकायचं नाही."

मी म्हणाले होते. एकदा नाही, दरवर्षी. त्या दीडशे बायकांत कुणाला काय होतं, मी कधी विचारलं नाही. कुणी मेलं नाही म्हणून मी हुशार ठरले, निरोप समारंभात माझ्या झटपट कामाचं भाषणही झालं. मला माझी इतकी शिसारी आधी कधी आली नव्हती.

"आता काय करायचं?" सारिकाने विचारलं. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात ते खरंच आहे ना? तिने लपवला आजार. मालकिणीपासून बारा वर्षं लपवलाच होता. आपण विचारलं असतं तरी ती नाहीच म्हणाली असती."

तिची मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. झुंबरबाईने लपवलं असं एकदा म्हटलं की ही पोर सुटणार होती, सारिका सुटणार होती, मीही सुटणार होते. मेलेली बाई काही नाही म्हणायला येणार नव्हती.

"मी जानूशी बोलते," मी म्हणाले. "मग तुला फोन करते."

६

कामशेतपासून आत, नाणे मावळाच्या रस्त्याला जानूचं घर आहे. तो खंडाळ्याच्या एका हॉटेलात धुलाईवर कामाला आहे. दुखवट्याची दोन-चार माणसं अंगणात बसली होती. तो मला ओटीवर घेऊन गेला. वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

"जानू, तुझ्या आईला जो आजार होता त्याला ते इंजेक्शन चालत नाही. आणि तिने तो आजार दवाखान्यात सांगितला नाही. मालकीण काय म्हणेल म्हणून लपवला असणार. कुणाची चूक म्हणता येणार नाही रे."

जानूने ऐकून घेतलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं, पण तो उठून आत गेला आणि प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आला.

"शनवारी जाताना तिनं ही पिशवी न्हेलती, सिस्टर. मालकिनीपुडं ती ग्यास म्हनायची, ते खरं हाय. कामाचा सवाल हुता. पन डाक्टरापासनं तिनं कदी काय लपीवलं न्हाई. जरा ताप आला तरी ह्यो कागद घिऊन जायाची."

पिशवीत दोन कागद होते. एक लोणावळ्याच्या दवाखान्याची त्या शनिवारची चिठ्ठी, चार तास आडवं पडू नका, जबडा चोळू नका. तिच्याबरोबर घडी घातलेला, कडेला फाटलेला दुसरा. पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचा. वर आजाराचं नाव होतं आणि त्याखाली लाल शाईत, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: कोणतंही इंजेक्शन घेण्याआधी हा कागद डॉक्टरांना दाखवावा.

"तिला वाचाय येत न्हवतं," जानू म्हणाला. "पन लाल अक्षराचा कागद कोनचा, ते ठाव हुतं. कोंडाजीमामा शेजारी बसल्येला. त्यो सांगतो, आत बोलवूस्तवर ह्यो कागद तिच्या हातातच हुता. दार उगडंच हुतं, खुर्चीत बसली तरी हुता. कुनी मागितला न्हाई. परत घडी घालून पिशवीत टाकला."

"मग तिने स्वतःहून दिला का नाही?"

जानूने लाल अक्षरांचा कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला.

"समदी घाईत हुती म्हनं. आमच्या आईला मोठ्या मान्सांच्या मधी बोलायची सवं न्हवती. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं तिनं."

मला ते वाक्य परत गिळायचं होतं, पण ते मी बोलून चुकले होते, त्याच्या दारात, त्याच्या आईचं दहावंही व्हायचं होतं तेव्हा. मी त्याचे हात धरले आणि जे खरं होतं ते सांगितलं. खुणांचं, गठ्ठ्याचं, फाडलेल्या फॉर्मचं, शिबिराचं. त्याने हात सोडवून घेतले. ते बरोबरच होतं.

मग तिथूनच मी हवालदार महिपतीला फोन लावला. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची, म्हणून माझा फोन तो लगेच उचलतो.

"महिपती, लिहून घे," मी म्हणाले. "झुंबरबाईने काही लपवलं नव्हतं. तीन नावं देते. डॉक्टर ओंकार, सारिका, आणि पहिलं माझं."

"सिस्टर, तुमचा काय संबंध?"

"तू लिही. मी सांगते."

सगळं सांगायला अर्धा तास लागला. अंगणातली माणसं ऐकत होती, मी आवाज खाली केला नाही. घोरावाडीला सारिका माझ्या फोनची वाट बघत बसली होती. तो फोन मी केला नाही.